२६ जुलैचा पाऊस २७ तारखेला कसा पडतो?

एक प्रश्न विचारते. २६ जुलै २००५ ला मुंबईत जो पाऊस झाला, तो हवामान विभागाच्या दैनंदिन पावसाच्या डेटात कोणत्या तारखेला सापडेल?

२६ म्हणालात तर चुकलात. मीही चुकले होते. आपल्याकडे पावसाचा दिवस रात्री बाराला नाही, सकाळी साडेआठला बदलतो. आदल्या दिवशी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत भांड्यात जे जमलं, ते आजच्या तारखेला लिहितात. सांताक्रुझला मोजलेला तो ९४४ मिलिमीटर पाऊस २७ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांचा आहे. म्हणून डेटात तो २७ ला.

हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी उपग्रहाचा पाऊस आणि जमिनीवरचा पाऊस शेजारी मांडून तब्बल तीन आठवडे डोकं आपटत होते. दोघांचं जुळेना. मग एका मैत्रिणीने सहज विचारलं, ‘‘तुझा दिवस कधी सुरू होतो गं?’’ एक तारीख सरकवली आणि दोन्ही आलेख बऱ्यापैकी एकमेकांवर बसले. गणितात चूक नव्हती, प्रोग्राममध्ये नव्हती. चूक होती कुठेच न लिहिलेल्या एका गृहीतात.

तुम्ही पेटची तयारी करत असाल, नेट काढून बसला असाल किंवा एमएस्सीचा प्रकल्प तुमच्या गळ्यात नुकताच पडला असेल, तर आजचा विषय तुमच्यासाठी आहे. दुसऱ्याने हवामान संशोधनात संगणकावर काढलेला निष्कर्ष आपण पुन्हा काढायला गेलो तर तो येतो का? आणि हे काम चार जणांनी मिळून का करावं? (याला कोशात ‘पुनरुत्पादन’ असा शब्द आहे. तो मी एकदा सेमिनारमध्ये वापरला. प्राणिशास्त्रवाले अजून हसतात. म्हणून इथे आपण ‘पुन्हा काढणं’ एवढंच म्हणू.)

माझं गाव वलगाव. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पेढी नदीजवळ येतं ते. सुट्टीत घरी गेले की बाबा दरवेळी एकच विचारतात, ‘‘सारेच म्हणतेत पाऊस बिघडला. आधी झडी लागे, आता एकाच दिवशी सारा येऊन सोयाबीन झोपवते. तुह्या कम्प्युटरात काय दिसते, सांग ना वं.’’

प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नावर गेली वीस वर्षं मोठमोठे लोक काम करताहेत, आणि ‘पुन्हा काढणं’ म्हणजे काय हे शिकायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

२००६ साली बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा एक लेख ‘सायन्स’मध्ये आला. हवामान विभागाचा १९५१ ते २००० चा रोजचा पाऊस घेऊन त्यांनी मध्य भारतासाठी दाखवलं, की दिवसाला १०० मिमीपेक्षा जास्त पावसाच्या घटना वाढताहेत आणि ५ ते १०० मिमीच्या मध्यम पावसाच्या घटना कमी होताहेत. एकूण पावसाचा आकडा फारसा हलत नाही, कारण एक दुसऱ्याला झाकून टाकतं. बाबांच्या वाक्याचा हा जवळजवळ तंतोतंत अनुवाद म्हणा ना. २००८ मध्ये एम. राजीवन आणि सहकाऱ्यांनी १९०१ ते २००४ असा १०४ वर्षांचा डेटा घेतला. त्यांना मध्य भारतातल्या टोकाच्या पावसात दशकाला सुमारे ६ टक्के वाढ दिसली, आणि सोबत दशकादशकांचे चढउतारही. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी वेगळी सांख्यिकी वापरून म्हटलं, की सगळीकडे सारखी वाढ दिसत नाही, वाढते आहे ती जागोजागची तफावत. २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ साठी सांगितलं, की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या.

आता पटकन असं म्हणू नका की यांचं यांनाच ठरवता येत नाही. बारकाईने वाचलं तर प्रत्येकाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. एक जण मोठ्या पट्ट्यातल्या सगळ्या घटना एकत्र मोजतो, दुसरा प्रत्येक चौकोन स्वतंत्र बघतो. एकाची सीमा १०० मिमी, दुसऱ्याची १५०. हा फरक ‘वेगळ्या वाटेने तपासणं’ या प्रकारातला. त्याच डेटावर त्याच पद्धतीने तोच आकडा काढून बघणं हे आणखी वेगळं काम, आणि त्याआधीचं. पहिलं काम जमत नसेल तर दुसऱ्यातल्या मतभेदाचा अर्थ लावता येत नाही. फरक निसर्गाचा आहे की आपल्या प्रोग्रामचा, हेच कळत नाही.

आम्ही तिघांनी हे पहिलं काम करून पाहिलं. अकोल्याची एक मैत्रीण, पुण्यातला एक ज्युनियर आणि मी. अट एकच: एकमेकांचा प्रोग्राम बघायचा नाही. मध्य भारताचा पट्टा गोस्वामींचाच, १६.५ ते २६.५ उत्तर अक्षांश आणि ७४.५ ते ८६.५ पूर्व रेखांश. मोसम १ जून ते ३० सप्टेंबर. सीमा १०० मिमी. डेटा हवामान विभागाचा एक अंशाच्या चौकोनांचा. एवढं कागदावर ठरवलं आणि पांगलो. आठवड्याने तीन आकडे आले. तिघांचे तीन.

पहिला दोषी होता पट्टाच. त्या डेटात चौकोनांचे मध्यबिंदू अर्ध्या अंशावर पडतात: १६.५, १७.५, १८.५ असे. दोन्ही टोकं धरली तर अक्षांशात ११ आणि रेखांशात १३, म्हणजे १४३ चौकोन. ज्युनियरने पायथनमध्ये पट्टा कापला होता, आणि पायथन शेवटचं टोक सोडून देतो हे तुम्हाला माहीत असेलच. त्याचे १० गुणिले १२, म्हणजे १२० झाले. २३ चौकोन गायब, आणि प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही.

दुसरी चूक अकोल्याची. पट्ट्याचा आग्नेय कोपरा बंगालच्या उपसागरात जातो. समुद्रात पर्जन्यमापक नाहीत, तिथे फाइलमध्ये उणे ९९९ सारखा खुणेचा आकडा असतो. घटना मोजताना याने काही बिघडत नाही, कारण तो आकडा १०० च्या खालीच. पण तिने ताळा म्हणून मोसमाची सरासरीही काढली होती आणि ती उणे आली. ही चूक मला आवडते. ती ओरडून सांगते. न ओरडणाऱ्या चुका जास्त घातक.

न ओरडणारी चूक माझी होती. जून ते सप्टेंबर म्हणजे वर्षाचा १५२ वा दिवस ते २७३ वा, असं मी पक्कं लिहून ठेवलं होतं. लीप वर्षात १ जून हा १५३ वा दिवस असतो. म्हणजे दर चौथ्या वर्षी माझ्या मोसमात ३१ मे घुसत होता आणि ३० सप्टेंबर बाहेर पडत होता. १२२ दिवसांत एक. आलेखावर तुम्हाला कधीच दिसणार नाही. मी एकटी असते तर हा आकडा प्रबंधात छापून गेला असता, मार्गदर्शकांनी सही केली असती आणि कोणालाच काही कळलं नसतं.

ही तिन्ही दुरुस्त केल्यावर आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले. त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर जो गोंधळ झाला तो इथे छापण्यासारखा नाही.

यातून कामाची एक पद्धत आमच्या हाती लागली, ती जरा सविस्तर सांगते. शेवटचा आकडा आधी जुळवायला जाऊ नका. पायरी पायरीने खाली उतरा. समजा तुम्ही हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा पाव अंशाचा डेटा घेतला. तो १९०१ पासूनचा, वर्षाला एक बायनरी फाइल, साइटवर मिळतो. अक्षांशात १२९ बिंदू, रेखांशात १३५, प्रत्येक आकड्याला ४ बाइट. साध्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटची हवी, लीप वर्षाची २,५४,९५,५६०. ही पहिली पायरी. जुळत नसेल तर डाउनलोड अर्धवट झालंय, पुढे जाऊच नका.

दुसरी पायरी, एक दिवस आणि एक चौकोन. इथे मी नेहमी वलगाव घेते. बिंदू ६.५ उत्तर आणि ६६.५ पूर्व इथून सुरू होतात. वलगावला सगळ्यात जवळचा बिंदू २१.०० उत्तर, ७७.७५ पूर्व. २१ मधून ६.५ वजा करून पावाने भागलं की ५८, आणि ७७.७५ मधून ६६.५ वजा करून भागलं की ४५. शून्यापासून मोजणाऱ्या पायथनमध्ये ओळ ५८, रकाना ४५. एकापासून मोजणाऱ्या फोर्ट्रानमध्ये किंवा मॅटलॅबमध्ये ५९ आणि ४६. हे उलटसुलट झालं, पायथनमध्ये ५९-४६ टाकलं, तर तुम्ही पोचता २१.२५ उत्तर, ७८.०० पूर्वेला. म्हणजे मोर्शीजवळ! वलगावच्या नावाखाली मोर्शीचा पाऊस, आणि आकडे इतके पटण्यासारखे की शंका यायचं कारण नाही. (संत्र्याच्या बागायतदारांना विचारा, मोर्शीचा आणि वलगावचा पाऊस एक आहे का ते.)

मग तिसरी पायरी त्या चौकोनाची मोसमाची बेरीज, चौथी पूर्ण पट्ट्याच्या घटना, आणि कल सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर तिघांनी आकडा लिहायचा आणि मगच उघडायचा. वादाची जागा आपोआप सापडते.

जगात हे काम याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालंय. नासाच्या गॉडार्ड संस्थेची जागतिक तापमानाची मालिका तुम्ही पाहिलीच असेल. २००७ मध्ये स्टीव्ह मॅकिन्टायर नावाच्या बाहेरच्या माणसाला तीत एक खोट सापडली. अमेरिकेतल्या केंद्रांच्या डेटाचा स्रोत २००० सालापासून बदलला होता आणि जोडणी नीट झाली नव्हती. अमेरिकेच्या सरासरीत सुमारे ०.१५ अंशाचा फरक पडला, जगाच्या सरासरीत अंशाच्या काही हजारांश भागाचा. नासाने दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी सगळा प्रोग्राम जाहीर केला. आता गंमत बघा. प्रोग्राम मिळाला, पण वाचणार कोण? वर्षानुवर्षं थर चढलेलं फोर्ट्रान ते. मग निक बार्न्स आणि डेव्हिड जोन्स या इंग्लंडमधल्या दोघा सॉफ्टवेअरवाल्यांनी २००८ मध्ये ‘क्लिअर क्लायमेट कोड’ नावाचं काम सुरू केलं. स्वयंसेवक जमवून तेच गणित, ओळ न ओळ समजून, वाचता येईल अशा पायथनमध्ये पुन्हा लिहिलं. वाटेत किरकोळ चुका सापडल्या, त्या नासाला कळवल्या, तिथे दुरुस्त झाल्या. तापवाढीचा आलेख होता तसाच राहिला.

हवामानबदल खोटा आहे असं म्हणणाऱ्यांना यात भांडवल मिळालं नाही आणि संशोधकांनाही लपवायला काही उरलं नाही. बार्न्स यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, की तुमचा प्रोग्राम आहे तसा प्रसिद्ध करा, तेवढा तो बरा आहे. आपल्याकडे ‘मॅडम, कोड जरा साफ करून देते’ असं म्हणत पीएचडी संपते. मीही हेच करत आले आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

इथपर्यंतचं ऐकून वाटेल, की चौघांचे आकडे जुळले म्हणजे खरं सापडलं. नाही. चौघं मिळून एकाच चुकीच्या विहिरीतून पाणी काढत असू शकतात.

ग्रिडचा चौकोन म्हणजे काय हे समजून घ्या. वलगावच्या त्या चौकोनात, साधारण २८ बाय २६ किलोमीटरमध्ये, कोणी पाऊस मोजत बसलेला नाही. मोजतात केंद्रावर. मग जवळच्या केंद्रांना जास्त वजन, लांबच्यांना कमी, असं करून बिंदूवरचा आकडा काढतात. कागदावर करून बघा. समजा, बिंदूपासून ५ किलोमीटरवरच्या केंद्रावर १६० मिमी पडला. २० किलोमीटरवरच्या दोन केंद्रांवर ५० आणि ३०. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं तर चौकोनाला मिळतात सुमारे १४७ मिमी. आता जवळचं केंद्र त्या वर्षी बंद आहे, किंवा त्याचा कागद पुण्याला पोचलाच नाही असं धरा. उरलेल्या दोघांची सरासरी ४०. ढग तोच, शेतातलं पाणी तेच, पण १०० मिमीवरची घटना डेटातून नाहीशी. आणि १५० ची सीमा धरली असती तर तिन्ही केंद्रं चालू असूनही ती मोजलीच गेली नसती.

ही काल्पनिक गोष्ट वाटत असेल तर मुंबईकडे परत चला. सांताक्रुझला ९४४ मिमी नोंदला गेला, त्याच २४ तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. सांताक्रुझचं केंद्र नसतं, तर ग्रिडमध्ये त्या दिवसाचं काय झालं असतं याचा विचार करा.

आता पुढचा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेलच. कळवणाऱ्या केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलत गेली असेल तर? केंद्रं वाढली की जास्त मुसळधार दिवस ‘पकडले’ जातील आणि आपल्याला पाऊस वाढल्यासारखा दिसेल. मरीना लिन आणि पीटर हायबर्स यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच विचारलं. त्यांच्या लेखाचं शीर्षकच असं आहे, की भारतात पाऊस पडला आणि कोणी कळवलाच नाही, तर टोकाच्या पावसाचे जुने कल चुकीचे ठरतात का? पाव अंशाचा डेटा ६९५५ केंद्रांवरून बनतो, पण ती सगळी दरवर्षी हजर नसतात. २००६ च्या एक अंशाच्या डेटासाठी, म्हणूनच, नोंदी नव्वद टक्के पूर्ण असलेली १८०३ केंद्रं निवडली होती. १९०१ पासूनच्या मालिकेला १३८४ पुरली. म्हणजे बारीक ग्रिड हवी तर केंद्रांची हजेरी डळमळीत, आणि हजेरी पक्की हवी तर ग्रिड जाडी. दोन्ही एकदम मिळत नाहीत. नवशिक्या विद्यार्थ्याला (मलाही) बारीक ग्रिड म्हणजे चांगली ग्रिड असं वाटतं. कल काढायचा असेल तर आधी केंद्रांची यादी मागा.

हे लिन-हायबर्सचं काम शक्य झालं, कारण आधीच्यांनी कोणता डेटा, कोणता पट्टा, कोणती सीमा हे लिहून ठेवलं होतं. तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर तेवढं तरी असू द्या: दिवस कधी बदलतो, टोकं धरली की सोडली, १०० ‘पेक्षा जास्त’ की ‘आणि जास्त’, रिकाम्या जागी काय भरलं, लीप वर्षाचं काय केलं, डेटा कोणत्या तारखेला उतरवला. हवामान विभाग जुन्या वर्षांच्या फाइलही सुधारतो, त्यामुळे शेवटची नोंद फालतू समजू नका. टक्केवारीची सीमा वापरत असाल, उदाहरणार्थ ९९ वा शतमक, तर तो सगळ्या दिवसांवर काढला की फक्त पावसाच्या दिवसांवर, हेही लिहा. त्या एका शब्दाने सीमा किती हलते ते तुमच्या गावाच्या चौकोनावर काढून बघा, झोप उडेल.

आणि बाबांना काय सांगितलं? दिवाळीत बसून दाखवलं सगळं. मध्य भारताचा मोठा पट्टा धरला तर जोराच्या पावसाचे दिवस वाढलेले दिसतात, वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वाटेने दिसले आहेत. पण आपल्या एकट्या वलगावच्या चौकोनावरून असं म्हणता येत नाही. इतका मोठा पाऊस एका ठिकाणी इतक्या क्वचित पडतो, की पन्नास वर्षांतही मोजायला पुरेशा घटना जमत नाहीत. म्हणून तर लोक शेकडो चौकोन एकत्र करतात.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘म्हणजे देशाचं सांगता येते, वावराचं नाही.’’

मी म्हटलं, हो.

‘‘पण अतिवृष्टीचे पैसे तं मंडळात ६५ मिलिमीटर झाला तरच भेटतेत. तो ६५ कोन मोजते?’’

मंडळातलं स्वयंचलित केंद्र मोजतं, मी सांगितलं. एका मंडळाला एक.

‘‘ते आपल्या वावरापासून किती लांब हाय?’’

मी नकाशा उघडला.